चावी उमाकडं

काशीची गाडी निघायला दहा दिवस होते, तेव्हाच सारजाबाईंनी घर आवरायला घेतलं, आणि ते आवरणं पाहून बलभीमरावांना पहिल्याच दिवशी धास्ती बसली. माणूस बावीस दिवसांसाठी गावाला जातं तेव्हा काय करतं? जनावरांची सोय लावतं, गॅस बंद करतं, दाराला कुलूप घालतं आणि पिशवी उचलतं. या बाईनं कॅलेंडरामागची धूळसुद्धा पुसली. फडताळातले पितळी डबे खाली काढले, चिंचेनं घासले, उन्हात वाळवले आणि पुन्हा एकावर एक असे रचले की एखादा बोटभर सरकला तरी कळावा. पोरगी सासरी निघाली म्हणूनसुद्धा हे घर एवढं चकचकीत झालं नव्हतं.

मग तिनं घर रिकामं करायला घेतलं. म्हैस तेरखेड्याला भावाकडं धाडून दिली. पीठ संपत आणलं, पुन्हा दळण टाकलंच नाही. दही संपवलं, विरजणालासुद्धा चमचाभर ठेवलं नाही. कांदे, लसूण, उरलेला गूळ गल्लीत वाटून टाकला. तेलाचा डबा गल्लीतल्याच प्रेमलाबाईंकडं नेऊन दिला. फ्रीज पुसून त्याचं दार अर्धं उघडं ठेवलं आणि मधे लाकडी पाट अडकवला. घरात खाण्यासारखं काही म्हणून राहिलं नाही. उंदीर आला तरी तोंड वाकडं करून परत गेला असता. राहिली ती फक्त झाकण घातलेल्या कणगीतली ज्वारी आणि देव्हाऱ्यातल्या दिव्याचं तेल.

"चावी कुनाकडं द्यायची?" बलभीमरावांनी चहा बशीत ओतत विचारलं. "देवीचा टाक हाय घरात, दिवा चुकवून जमायचं न्हाय. प्रेमलाबाईकडं दिऊन टाकू."

"उमाकडं," सारजाबाई म्हणाल्या.

बशीतला चहा बलभीमरावांच्या मांडीवर सांडला. त्यांनी तो पुसला नाही, नुसते बायकोकडं पाहत राहिले.

"उमाकडं?"

"जाऊ हाय माझी. भिंतीला भिंत हाय. तिच्याबिगर दुसरीकडं कशाला दिऊ?"

"अगं, पन चार वर्सं तू तिचं तोंड बघितलं न्हाईस."

"काशीला चाललेय न्हवं? मनात अढी ठिवून गंगंत बुडी मारू व्हय?"

बलभीमराव साखर कारखान्यात वजनकाट्यावर तीस वर्षं नोकरी केलेले गृहस्थ. उसाची गाडी काट्यावर चढली की नुसत्या आवाजावरून त्यांना भार कळायचा. बायकोच्या बोलण्यात किती भार आहे तेही त्यांना कळत असे, फक्त त्याचं काय करायचं ते कधी कळलं नाही. ते "बरं" म्हणाले आणि चप्पल घालून रानाकडं गेले. अडचण आली की रानाकडं जायचं हा त्यांचा जुना उपाय होता.

सारजाबाईंच्या मनात अढी नव्हती. अढी हा फार लहान शब्द झाला. त्यांच्या मनात चार वर्षांचा जाळ होता, आणि तो विझावा असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर उमाबाई आणि तिचा नवरा लिंबराज आठ दिवसांसाठी बालाजीला गेले. लिंबराज म्हणजे बलभीमरावांचा धाकटा भाऊ. वाटण्या झालेल्या, चुली दोन, पण विहीर एक आणि मधली भिंत एक. जाताना उमानं चावी थोरल्या जावेकडं दिली. सारजाबाईंनी आठ दिवस दोन्ही वेळा दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं, अंगण झाडलं. उमा परत आली, कपाट उघडलं आणि म्हणाली, "माझी बोरमाळ न्हाय."

ही बोरमाळ सासूबाईंची. मूळची दोन सरांची. दोन सुना आल्यावर सासूबाईंनी ती सोडवून दोघींना एकेक सर ओवून दिला. उमाच्या सरात कडेपासून चौथा मणी चेपलेला होता. तान्ह्या बलभीमरावांनी आईच्या मांडीवर दात फुटताना तो चावला होता, असं सासूबाई हसून सांगायच्या. आणि सासूबाईंचीच शिकवण होती की गावाला जाताना सोनं कपाटात ठेवायचं नाही, ज्वारीच्या कणगीत दडवायचं. चोर कपाट फोडतो, ज्वारी उपसत बसत नाही. म्हणून त्या दिवशी सारजाबाई पहिल्यांदा हेच म्हणाल्या, "ज्वारीत बघ, उमा. तिथं ठिवली असशील."

"कपाटातच ठिवली हुती म्या," उमा म्हणाली. "मला येड लागलंय का?"

तेवढ्यावर थांबती तरी चाललं असतं. घरातलं भांडण घरात राहिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीजवळच्या पारावर, पंधरा-वीस बायका पाण्याच्या टँकरची वाट बघत उभ्या असताना उमाबाई पदर खोचून बोलली, "माझ्या घराची चावी एकीकडंच हुती. आता ज्यानं त्यानं काय ते समजून घ्या."

पोलिसात गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं, काहीतरी निकाल लागला असता. एका वाक्यात तिनं काम केलं आणि घागरी भरून घरी गेली.

आता त्या वाक्यानं सारजाबाईंचं काय गेलं, हे बाहेरच्याला सांगावं लागेल. त्या गावात लग्न निघालं की मांडवाआधी कोठी ठरते. घराच्या एका खोलीत तूप, साखर, डाळ, काजू, गोडेतेल, सगळं ठेवायचं आणि दाराशी एका बाईला बसवायचं. आचाऱ्याला लागेल ते तिनं मोजून द्यायचं. घरची बाई तिथं बसत नाही, तिला शंभर कामं असतात. बसते ती गावातली अशी एक बाई, जिच्या हाताबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. पंचवीस वर्षं ती बाई म्हणजे सारजाबाई होत्या. गरिबाचं लग्न असो की बागायतदाराचं, पत्रिका छापायच्या आधी माणूस यायचा, "काकू, कोठीवर तुमीच." कमरेला चाव्यांचा जुडगा लावून त्या दाराशी बसल्या की नवरदेवाच्या बापालासुद्धा विचारल्याशिवाय आत जाता येत नसे. तो त्यांचा मान होता. दागिना म्हणा, पदवी म्हणा, काही म्हणा.

पारावरच्या त्या सकाळनंतर चार वर्षांत गावात एकोणीस लग्नं झाली. एकाही कोठीवर त्यांना कुणी बोलावलं नाही. तोंडावर कुणी काही म्हणत नसे. "काकू, तुमाला आता तरास कशाला," एवढंच म्हणत. सारजाबाई पंगतीत बसून जेवत, आहेर करत आणि घरी येऊन मोरीत हात धूत उभ्या राहत. हात तसेच होते. ते पाहून त्यांना आणखी राग यायचा.

आणि गेल्या संक्रांतीला त्यांची लेक हर्षाली लातूरहून आली होती. वाणाच्या ताटाजवळ बसून मोबाइल बघता बघता म्हणाली, "आई, हे बघ, समृद्धीनं स्टेटस ठेवलाय. काळी साडी छान दिसती का नाही?" समृद्धी ही उमाची लेक, पुण्यात दिली होती. सारजाबाईंनी चष्मा लावला. काळी साडी, हलव्याचे दागिने, आणि त्यांच्या खाली सोन्याची बोरमाळ. त्यांनी हर्षालीला फोटो मोठा करायला लावला. कडेपासून चौथा मणी चेपलेला होता.

त्या काही बोलल्या नाहीत. हर्षालीलाही नाही, बलभीमरावांनाही नाही. तिळगूळ वाटायला निघून गेल्या. त्या संध्याकाळी त्यांनी चाळीस घरी हळदीकुंकवाला जाऊन चाळीस वेळा गोड बोला म्हटलं, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मनात एकच होतं, की उमा, आता तुझी पाळी.

योगायोग असा की त्याच आठवड्यात काशीयात्रेची गाडी ठरली. बलभीमरावांनी दोघांची नावं घातली. तेव्हापासून सारजाबाईंना एकेक गोष्ट सुचत गेली आणि सुचेल तसं घर आवरत गेलं. बेत साधा होता. चावी उमाला द्यायची, तीही गावासमोर. स्वतःची बोरमाळ परकराच्या नेफ्यात शिवून बरोबर न्यायची. बावीस दिवस तिला दिवा लावायला लावायचं. काशीहून आल्यावर मावंदं घालायचं असतं, गंगापूजन करून गाव जेवू घालायचं असतं. त्या मावंद्याच्या पंगती बसल्या की मांडवाच्या मधोमध उभं राहून म्हणायचं, "माझी बोरमाळ न्हाय. माझ्या घराची चावी एकीकडंच हुती." शब्दाला शब्द तोच.

ते खोटं होणार, हे त्यांना कळत होतं. यात्रेच्या पुण्याला कीड लागेल हेही कळत होतं. पण चार वर्षं ज्या बाईनं स्वतःच्याच हाताकडं संशयानं पाहिलं, तिला पुण्याची मोठी काळजी राहत नाही. नेफा शिवताना सुई दोनदा बोटात गेली तरी त्यांना कळलं नाही.

बुधवारी संध्याकाळी, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी, त्या घरोघर निघाल्या. काशीला जाणाऱ्या माणसानं गावाचा निरोप असाच घ्यायचा असतो. प्रत्येक उंबऱ्यावर हात जोडायचे, "चुकलं माकलं माफ करा" म्हणायचं, घरच्या बाईनं ओटी भरायची आणि "सुखानं जाऊन या" म्हणायचं. कोण परत येईल न येईल, जुन्या काळात सांगता येत नसे. आता एसी गाडी असते आणि मुक्कामाला लॉज असतो, पण रीत ती रीत. सारजाबाईंनी एकही घर सोडलं नाही. मागून बायका गोळा होत गेल्या, आणि उमाच्या दारापाशी पोचेपर्यंत दहा-बारा जणी झाल्या होत्या. प्रेमलाबाई सगळ्यांत पुढं. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, गावातल्या प्रत्येक समेटाला हजर असलेल्या.

उमाबाई दारात आली तेव्हा तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता. आवाज ऐकून तिनं तयारी ठेवली होती. पण जाऊ आपल्या उंबऱ्यावर येईल असं तिला शेवटपर्यंत वाटलं नसावं. ती वाळली होती. सारजाबाईंनी इतक्या दिवसांत तिला धड पाहिलंच नव्हतं.

"उमा," सारजाबाईंनी हात जोडले, "चुकलं माकलं माफ कर."

"बाई, तुमी मोठ्या हाय. तुमी हात जोडायचं न्हाय."

"रीत हाय. मोठी-बारीक बघू न्हाय तिथं."

उमानं कुंकू लावलं. ओटी भरली. मागं बायका गहिवरल्या, प्रेमलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग सारजाबाईंनी कमरेची चावी काढली आणि उमाच्या हातावर ठेवली.

"बावीस दिवस दिवा लाव माझ्या घरी. सकाळ-संध्याकाळ. तेल भरून ठिवलंय."

"म्या?"

"दुसरं कोन हाय मला?" सारजाबाईंचा आवाज असा मऊ झाला की बलभीमराव असते तर पळूनच गेले असते. "आन आनखी एक. कपाटात काय ठिवलं न्हाय म्या. सासूबाईंची शिकवन तुला ठावं हाय. बोरमाळ ज्वारीच्या कनगीत ठिवलीया, पार तळाला. तुझ्यापासनं काय लपवायचं? सगळ्यांसमोर सांगून ठिवते, म्हंजी मागनं कुनाला काय बोलायला नगं."

उमाच्या तोंडावरचं रक्त उतरलं ते सारजाबाईंनी अगदी जवळून पाहिलं. फोटोतल्या मण्यानं जे सांगितलं होतं त्याच्यापुढचं या तोंडानं सांगितलं. ज्वारीतच होती तर. तळाला. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून खरं होतं, आणि ते खरं आहे हे या बाईला ठाऊक होतं. त्यांना त्या क्षणी इतका आनंद झाला की त्याची त्यांनाच भीती वाटली.

दिवेलागणीला मागच्या परसातून उमा आली. बलभीमराव गाडीवाल्याला सामान किती ते सांगायला पाराकडं गेले होते. उमा पायरीच्या खालीच उभी राहिली, वर आली नाही.

"बाई, चावी घ्या माघारी. माझ्याच्यानं न्हाय हुनार."

"का गं?"

सारजाबाई सांडगे भरलेला डबा फडक्यात बांधत राहिल्या. गाठ मारून झाली तरी उमा तिथंच.

"घावली हुती," उमा शेवटी म्हणाली. "फुडच्या उन्हाळ्यात. कनगी तळाला गेली तवा. म्याच ठिवली हुती जाताना, आन कपाटात ठिवली असं डोस्क्यात बसलं. वरनं माझ्या पोरानं, युवराजनं, ज्वारीची चार पोती वतली. सा-सात महिनं मला खरंच वाटत हुतं बाई, की तुमी... मग घावली तवा जीव गेला माझा."

"तुझा जीव गेला व्हय," सारजाबाई म्हणाल्या. "आन माझं काय गेलं?"

"सांगनार हुते म्या. देवीची आन. तवाच सांगनार हुते, पन घरात..."

"घरातलं मला सांगू नगस. तू कुठं बोलली हुतीस?"

उमाची नजर पाराच्या वाटेकडं गेली.

"पारावर बोलली हुतीस. पंधरा-वीस जनी हुत्या. उद्या आठ वाजता गाडी पारावरनंच सुटती, सगळं गाव निरोपाला असतंय. जितं बोललीस तितं बोल."

"बाई, माझी लेक... समृद्धीच्या सासरी कळलं तर..."

"माझी हर्षाली बी सासरीच हाय. तिला तिच्या नणंदंनं इचारलं हुतं, तुझ्या आईचं काय झालं म्हनं ते. तवा तुला माझी लेक दिसली न्हाय."

"न्हाय बोलले तर?"

सारजाबाईंनी डबा खाली ठेवला आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तर बावीस दिवसांनी माझी बोरमाळ गेलेली असंल. चावी तुझ्याकडं हाय. ठिकान तुला सांगितलंय, बाराजनी साक्षीला हायेत. तू चार वर्सं मला चोर म्हनून ठिवलंस, म्या तुला मरंस्तवर ठिवीन."

उमानं चावी पुढं केली. सारजाबाईंनी ती घेतली नाही, दार लावून घेतलं. आतून त्यांना उमाच्या चपलांचा आवाज बराच वेळ आला नाही.

गुरुवारी सकाळी पाराजवळ जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. ढोकीहून आलेली गाडी हार घालून उभी होती. यात्रेकरूंच्या गळ्यात झेंडूच्या माळा, पोरांचं फोटो काढणं, सुनांचं पाया पडणं, सगळं एकदम चालू होतं. बलभीमराव दोन्ही पिशव्या घेऊन गाडीच्या पायरीशी उभे होते. सारजाबाईंनी माळ घालून घेतली, पण गाडीत चढल्या नाहीत. त्या पाराच्या कट्ट्याशी उभ्या राहिल्या आणि गल्लीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. गाडीवाला दोनदा हाक मारून गेला.

उमा आली. एकटी नाही, लिंबराज मागून तिला "अगं, अगं" करत होता. ती थांबली नाही. पारावर चढली नाही, खालीच उभी राहिली आणि एकदम मोठ्यानं बोलली, मधे थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही अशा घाईनं.

"चार वर्सांमागं म्या हितंच म्हनले हुते की माझी बोरमाळ गेली, आन चावी एकीकडंच हुती. ती कुठं गेली न्हवती. माझ्याच कनगीत हुती. म्याच ठिवलेली. थोरल्या बाईनं घेतली न्हवती. त्यांचा काय बी दोष न्हाय."

प्रेमलाबाईंनी तोंडावर हात ठेवला. कुणीतरी म्हातारी म्हणाली, "अगं बाई, मग सांगायचं न्हाय का तवाच?"

"सांगनार हुते," उमा म्हणाली, आणि आता तिला रडू फुटलं. "घावली त्या दिशीच सांगाया निघाले हुते. आमच्या मालकांनी भाऊजीस्नी इचारलं. भाऊजी म्हनले, आता मिटलंय, उकरू नगा. ऊस उभा हाय, हीर एक हाय, उगं दोन घरांत कालवा नगं. मग म्या गप बसले. मला बी तेच बरं वाटलं, खोटं कशाला सांगू."

भाऊजी म्हणजे बलभीमराव. हे कळायला सारजाबाईंना वेळ लागला नाही, पण ते आत पोचायला लागला. त्यांनी गाडीच्या पायरीकडं पाहिलं. बलभीमराव गळ्यातल्या झेंडूच्या माळेकडं बघत होते. वर बघत नव्हते. उमा खोटं बोलतेय, एवढंसुद्धा म्हणायचं त्यांनी मनात आणलं नाही.

साडेतीन वर्षं. या माणसानं साडेतीन वर्षं त्यांच्या हातची भाकरी खाल्ली. लग्नाहून आल्यावर त्या मोरीशी उभ्या असत, तेव्हा हा मागून येऊन म्हणायचा, "जाऊ दे, सारजा, लोकांचं काय मनावर घेती." ते ऐकून त्यांना धीर यायचा. आपल्या बाजूला एक तरी माणूस आहे असं वाटायचं. उमाला त्यांनी चोरासारखं पकडलं होतं, आणि खरा गडी रोज शेजारी बसून बशीत चहा ओतत होता. त्यांचा सगळा जाळ उमावरून उठला, आणि तो जाऊन कुठं बसला हे पारावरच्या सगळ्या बायकांना दिसलं.

"सारजाकाकू," प्रेमलाबाई पुढं आल्या, नेहमीच्या समेटाच्या आवाजात, "झालं गेलं गंगंला मिळालं म्हना. ती बोलली बिचारी. माफ केलं म्हना, म्हंजी सुखानं निघता येईल."

"तिनं तोंडानं सांगितलं, चार चौघांत," सारजाबाई म्हणाल्या. "ते बी लई झालं. माफीचं म्या आल्यावर बघन."

मग त्या गाडीकडं चालत गेल्या. लोक बाजूला झाले. बलभीमरावांच्या हातातली त्यांची पिशवी त्यांनी काढून घेतली, पायरी चढल्या आणि वर उभ्या राहून वळल्या. बलभीमराव मागोमाग चढायला लागले होते. सारजाबाई दारातून हलल्या नाहीत.

"तुमी न्हाय," त्या म्हणाल्या.

"अगं, असं काय करती? लोक बघत्यात."

"बघू द्या. मला चार वर्सं बघितलंय लोकांनी."

"सारजा, म्या घरासाठीच..."

"घरच सांभाळा मग. बावीस दिवस. दिवा दोन्ही वक्ताला लावा."

गाडीवाल्यानं मधे तोंड घातलं, काकांचं सीट आहे, नाव आहे, रिकामं कसं न्यायचं? "माझी पिशवी बसंल तितं," सारजाबाई म्हणाल्या. "चला, उशीर हुतोय." गाडीवाला बऱ्याच यात्रा केलेला होता. त्यानं एकदा दोघांकडं पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

बलभीमराव खाली उभे राहिले, गळ्यात माळ आणि हातात पिशवी. अजून बाई उतरेल, चार शब्द बोलेल आणि आपल्याला वर घेईल असं त्यांना वाटत असावं, कारण ते दारापासून हलले नाहीत. आपल्या घरात चिमूटभर पीठ नाही, चमचाभर दही नाही, म्हैस नाही, तेलाचा डबा दुसऱ्याच्या घरी आहे, हे त्यांना आठवलं की नाही कोण जाणे. दहा दिवस डोळ्यांसमोर सगळं रिकामं होत होतं, पण आपण त्या घरात राहणार नाही म्हणून त्यांनी लक्ष दिलं नव्हतं.

गाडी हलली तशी सारजाबाईंनी खिडकीची काच सरकवली. बलभीमराव घाईनं जवळ आले.

"चावी तर दे," ते म्हणाले.

"उमाकडं हाय," सारजाबाई म्हणाल्या. "तिला मागा. आन का मागताय ते तिला नीट सांगून मागा."